दप्तर कोण भरायचं?

शिंप्याच्या हातात कसब होतं, पण लक्ष कायम वाऱ्यावर. एक बाही लावली की दुसरी विसरायचा. चाळिशीत एकदाचा एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराच्या, तपासणीला आला. लहानपणचं सांगायला घरचं माणूस हवं, म्हणून सोबत थोरली बहीण होती.

“शाळेत वस्तू हरवायचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे! माझा भाऊ अगदी व्यवस्थित!” ताई फणकारली. परक्यांसमोर भावाची उणीदुणी काढणाऱ्यातली ती नव्हतीच.

शिंप्याचा चेहरा पडला. म्हणजे लोक म्हणतात तेच खरं, आपण नुसते आळशी.

“दप्तर कोण भरायचं?” डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं.

“मीच की.”

“आणि आज निघताना याचं सामान?”

ताईने पर्समधून त्याचा चष्मा, किल्ल्या, पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

शिंप्याने चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि बहिणीकडे पाहिलं.

“ताई, तू दमली नाहीस?”