सातवा नमुना

गावाकडे वळणारा फाटा दिसला तसा झुवैनाने गाडीचा वेग आणखी कमी केला. मस्कतहून निघाल्यापासून तिला पोहोचायची घाई नव्हतीच. शेजारच्या सीटवर बर्फाची पेटी होती आणि पेटीवर फाइल. फाइलमधल्या, परीक्षकाला द्यायच्या उत्तराच्या मसुद्यात एक वाक्य असं होतं, की ते या गावात कुणी वाचलं असतं तर एका बाईचं काय झालं असतं, याचा विचारही तिला करवत नव्हता.

त्या बाईच्या घरातली तीन मुलं चालता चालता अडखळू लागली आणि हळूहळू बसूनच राहिली. दोन वर्षं खपून झुवैनाने त्यामागचा जनुकातला बदल शोधला होता. शोधनिबंध नियतकालिकाकडे गेला आणि तिथल्या परीक्षकाने नेमकं सातव्या नमुन्यावर बोट ठेवलं. मौझा, वय एकोणीस, निरोगी. तिचं रक्त बापाशी जुळत नव्हतं. आईचा, नसराचा, नमुना उन्हात खराब झालेला. भावंडांशी थोडंफार जुळत होतं; पण या गावात थोडंफार सगळ्यांचंच सगळ्यांशी जुळतं.

"सरळ लिही ना, मुलगी या बापाची नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हिलाल म्हणाले होते. "नावं कुठे छापतोय आपण?"

"सर, हा आजार असलेलं घर अख्ख्या खोऱ्यात एकच आहे. वंशवृक्ष बघून कुणीही ओळखेल."

"मग गाळ तो नमुना."

"का गाळला ते सांगावं लागेल."

"रविवारपर्यंत काय ते ठरव. नाहीतर मी ठरवतो."

मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, नसराचा नवरा सईद आणि त्याची म्हातारी आई बसली होती. खजूर पुढे आले, मग कॉफी. नसरा उभ्यानेच ओतत होती. तिच्याकडे बघायचं झुवैनाच्या जिवावर आलं.

"परत रक्त?" सईदने विचारलं. "आमची विहीर आहे का ती, उपसत राहायला?"

"फक्त नसराताईंचं. मागचं उन्हाने खराब झालं."

"बाकी सगळं ठीक ना? मौझाचं?"

झुवैनाच्या हातातला पेला हलला नाही. रिकामा पेला हलवल्याशिवाय कॉफी थांबत नाही, हे ती विसरूनच गेली. नसराने चौथ्यांदा ओतली.

"मौझाचं का विचारताय?"

"लग्न ठरलंय तिचं. तिच्या बापाने काल निरोप धाडला, मुलीच्या रक्ताचं काय निघालं म्हणून."

"तिच्या बापाने?" झुवैनाने विचारलं. "म्हणजे तुम्ही…"

"मी कसा? तिचा बाप सोहारला असतो."

म्हातारी खुदकन हसली. "अगं डॉक्टरीणबाई, नसराची बहीण बाळंतपणात गेली. एका बाजूला आमचा नातू खल्फान, दुसऱ्या बाजूला ती, असं दोघांना पाजलंय हिने. दुधाची लेक ती. गावात कुणालाही विचार."

"मग माहितीच्या अर्जात…"

"तू विचारलंस, मुलं किती. हिने सांगितलं, नऊ. दूध पाजलेली मोजायची नाही होय? एवढी आपल्यातली असून तू विचारलं नाहीस, कुणाला कुणाचं दूध?"

झुवैनाने विचारलं नव्हतं. अर्ज बाहेरच्या देशातून आला होता. तिने त्याचं अरबी केलं होतं, शब्दाला शब्द. ओळख फुटू नये म्हणून पूर्ण नावंही घेतली नव्हती, नुसते क्रमांक. बापाचं नाव एकदा लिहून घेतलं असतं तरी पुरलं असतं. तिच्या आजीने शेजारची दोन पोरं पाजली होती. त्यांना झुवैना आजही मामा म्हणत होती.

तिने पेला हलवला.

रक्त काढायला त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या. नसराने दार लोटलं, पण बाही वर केली नाही.

"फाइल उराशी धरून बसली होतीस," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. काय लिहिलंय तिच्यात?"

"चूक लिहिली आहे."

"कुणाची?"

झुवैनाने फाइलमधून मसुद्याचा तो कागद काढला, चार तुकडे केले आणि पेटीतल्या बर्फाखाली सारले. "माझी."

"अजून कुणी वाचलीय?"

"एकाने, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी. त्यांना मी इथूनच फोन करते, तुमच्यासमोर."

नसराने बाही कोपराच्या वर सरकवली.

"आधी फोन कर," ती म्हणाली. "मग रक्त घे."