उठणारे बाबा

पक्षाघात झाल्यापासून बाबा खुर्चीतून उठत नाहीत. मी मात्र त्यांना उभं केलं. कॉलेजच्या डिजिटल पोर्टफोलिओसाठी एक हलतं चित्र हवं होतं. म्हणून खुर्चीतले बाबा, हातांवर जोर देणारे बाबा, अर्धवट उठलेले बाबा, ताठ उभे बाबा अशी चित्रं काढून एकामागोमाग जोडली. कॉम्प्युटरवर बाबा झोकात उठायचे. ते बघून बाबा म्हणाले, "सरांना दाखव हं. म्हणावं, म्हातारा अजून खमका आहे."

आणि मी दीडशहाणीने सगळा पोर्टफोलिओ पीडीएफ करून पाठवला. त्यात चित्र हलत नाही, पहिल्यावरच अडकून बसतं, एवढी साधी अक्कल मला नव्हती. सरांनी वर्गात मोठ्या पडद्यावर उघडलं. बाबा खुर्चीत बसलेले. सरांनी जरा वाट पाहिली. "हलत कुठे आहे हे?" म्हणाले आणि पुढच्या मुलीचं उघडलं.

घरी आले, तर बाबा दाराकडे डोळे लावून बसलेले.

"काय गं, उठलो का मी?"

"उठलात की! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

बाबा खुलले. मग त्यांनी चांगला हात खुर्चीवर रोवला आणि चित्रातल्यासारखा जोर लावला.

खुर्ची नुसती करकरली.