रिकामा डबा जात नाही

गोदाक्काच्या गल्लीत दिलेला तास स्टीलच्या डब्यातून परत मिळायचा. कुणाच्या आजाऱ्याजवळ बसलात, की त्या घरची बाई तिन्हीसांजेला आपला तास भरून आणून द्यायची. झाकण उघडलं की तो तास बाहेर यायचा, तिच्याच लुगड्याच्या वासाचा. आजाऱ्याला पाणी पाजायचा, कुशीवर वळवायचा आणि संपला की उठून जायचा.

गोदाक्काच्या फळीवर असे बासष्ट डबे होते. नवरा दत्तोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, वाचाही गेलेली. आपण आधी गेलो तर त्याला कोण बघणार, एवढाच तिला घोर. सुनांच्या तोंडाकडे बघणारी ती नव्हे.

मग सरकारनं धोरण केलं. तास घरात ठेवायचे नाहीत, कचेरीत जमा करायचे, लागेल तसा अर्ज करायचा. कचेरीतला पाखरे हातगाडी घेऊन आला. आमचेच तास आम्हाला मिळणार का, असं तिनं विचारलं.

"तास तासासारखाच असतो, मावशी."

"बाईही बाईसारखीच असते. उद्यापासून तुझ्या बायकोच्या जागी मी येऊ का नांदायला?"

पाखरेनं तेही लिहून घेतलं आणि डबे नेले.

पहिल्या अर्जाला आलेला तास फिनेलच्या वासाचा होता. भिंतीकडे तोंड करून बसला नि गेला. पाखरे डब्यासाठी दारातच उभा. रिकामा डबा त्या घरातून कधी गेला नव्हता. तिनं चिमूटभर साखर घातली. साखर चालत नाही, तासाच्या डब्यात तासच लागतो, असं पाखरे म्हणाला. मग तिनं आपली दुपारची झोप घातली. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की लगेच दिवेलागण व्हायची.

वेळ पुरेना, म्हणून तिनं पुन्हा अर्ज केला. डबा आला, तो परत करताना तिची सकाळ गेली. समोरची भिकूताई म्हणाली, दे की रिकामा, कोण बघतंय?

"मी बघते," गोदाक्का म्हणाली.

पुढं संध्याकाळ गेली. वेळ सरला तशी खोलीही आत आली. चूल नि खाट यांत चार पावलं होती. त्यांतलं एक उरलं, मग तेही नाही.

बासष्टावा डबा आला तो रिकामाच होता.

"आला तसाच द्या," पाखरे म्हणाला. "सही करा फक्त."

तिनं अख्खा दिवस चाचपला. त्यात उभं राहण्यापुरतंही काही नव्हतं. दाराची चौकट तिच्या पाठीला टेकली होती.

"गोदे," दोन वर्षांत पहिल्यांदाच खाटेवरून दत्तोबा म्हणाला, "रिकामा देऊ नको."

त्यानं पांघरूण सारलं आणि पाय डब्यात ठेवला. घोटा आत गेला, मग गुडघा. पाखरे वाट बघत होता. झाकण गोदाक्काच्या हातात होतं.