फेणीच्या पिंपातली बियर

पुण्यात असताना यतीनला घरी बियर बनवायचा नाद लागला, आणि कोकणात गावी, मिठबावला परतला तो ते खूळ सोबत घेऊनच. बरं, साधी बियर करून गप्प बसावं ना? छे! त्याला ती फेणीच्या पिंपात मुरवायची होती, आणि तीही बापाच्याच.

त्याच्या बापाने, काशीरामने, ते लाकडी पिंप गोव्याच्या दोस्ताकडून होडीत घालून आणलं होतं. काशीराम गेला, मग होडी विकली, जाळी भावकीत गेली. बापाचं म्हणावं असं हे पिंपच काय ते उरलं. लाकडात मुरलेली फेणी बियरमध्ये उतरली तर बाबाचा वास एकदा तरी घरात येईल, एवढीच यतीनची आस. माणूस चाळिशीला आला म्हणून बापाची आठवण सुटते थोडीच!

पिंप जरासुद्धा गळत नव्हतं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या लाकडाला फट कशी नाही, हे आईला विचारावं की नाही? पण नाही. शहाण्याने गरम पाणी फिरवलं आणि बियर ओतली.

दिवाळीच्या तोंडावर त्याने तोटी सोडली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. खारट!

"आये, ह्या पिंपात काय घातलं होतंस गो?"

पार्वती मागल्या दारी बांगडे साफ करत होती. "समुद्राचा पाणी. मधी मधी भरतंय नि वतून टाकतंय. दुसरा काय घालतलंय? होडी सुकली की फळये उलतत, फटी पडतत. पिंप तरी लाकडाचाच ना? तुझ्या बापाशीचा म्हणान जपलंय."

यतीनने तोटी बंद केली. रागवायचं तरी कुणावर? डोळेच भरून आले त्याचे.

"गेला गो सगळा. वतून टाकतंय."

"थांब, बघूया," म्हणत पार्वतीने हात पदराला पुसले. जन्मात दारूला न शिवलेली बाई ती! पेला नाकाशी नेला आणि तशीच थांबली. मग डोळे मिटून तिने घोट घेतला.

"तुझो बापूस दर्यावरसून येय ना, वाटेत फेणी घेवन," ती हळूच म्हणाली, "तेवा असोच वास येय. खारो नि फेणीचो. अगदी असोच रे."

यतीनने पेला घेऊन पुन्हा चव घेतली. खारटपणामागून फेणी खरंच आली.

"तेवा रोज नाक मुरडलंय मी," पार्वती म्हणाली. "भायर खळ्यात निज म्हणान सांगितलंय."

तिने त्याच्या हातातला पेला घेऊन रिकामा केला आणि पुन्हा त्याच्यापुढे धरला. "आणखी वायंच घाल रे."