गिलाव्याबरोबर गेलेला हात

तीस वर्षं संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करणाऱ्या बाईला तिथले सगळे झेरॉक्सताई म्हणायचे आणि ती हसून घ्यायची. आपली नक्कल इतकी हुबेहूब उतरते याचा तिला कोण अभिमान! पण वाचनालयाच्या भिंतीसाठी चित्र मागायला आलेल्या ग्रंथपालबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "नक्कल नको हं. तुमचं स्वतःचं असेल तरच लावू." पन्नाशी उलटलेली. आता नाही जमलं तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग तिने शक्कल लढवली. एका चित्रातली धुणं धुणारी बाई घेतली, दुसऱ्यातला पांढरा घोडा, तिसऱ्यातली होडी आणि एका पडक्या प्रार्थनाघराच्या भिंतीवरचा देवदूत. सगळ्यांना एकाच नदीकाठी आणून बसवलं. असं चित्र आजवर कोणी काढलेलं नव्हतं, म्हणजे ते तिचंच झालं की!

ग्रंथपालबाई संध्याकाळी पाचला यायच्या होत्या. त्या दिवशी सकाळी सासरे तिच्यासाठी चहा घेऊन खोलीत आले. जन्मभर चित्रांच्या चौकटी केलेला माणूस; कुठलंही चित्र ते नाक लावूनच बघत.

"सूनबाई, या बाईच्या गालाला तडे कशाने गेले?"

"मूळ चित्रात आहेत ना, बाबा. रंग वाळून वाळून..." बोलता बोलता ती थांबली.

"आणि घोड्याच्या पोटाला भोकं?"

"मूळ घोडा लाकडी फळीवर रंगवलाय, त्या फळीला वाळवी लागलीय."

"परवाच्या रंगाला वाळवी! धन्य आहे बाई तुझी." म्हातारा ठसका लागेस्तोवर हसला. तिचा मात्र चेहरा पडला. हात सवयीने सगळं उतरवून मोकळा झाला होता आणि तिला पत्ताच नव्हता.

तडे आणि भोकं बुजवायला दोन तास पुरले. खरी पंचाईत देवदूताची होती. त्याचा उजवा हात कोपरापासून गायब. मूळ भिंतीचा गिलावाच तिथे पडलेला, आणि तिने इमानेइतबारे तेवढी जागा राखाडी ठेवली होती. तो हात काय करत होता, हे कोणालाच माहीत नव्हतं. कुठूनतरी एखादा हात उसना मिळेल म्हणून तिने कपाटातली सगळी पुस्तकं उपसली. आशीर्वादाचे, तलवारीचे, फूल धरलेले, हवे तितके हात मिळाले. एकही बसेना.

"मला नाही सुचत हो, बाबा. मला नुसती नक्कलच येते," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

सासऱ्यांनी गार झालेला चहा बाजूला सरकवला. "अगं, एवढ्यांना एकत्र बोलावलंस, पण कोणी कोणाची विचारपूसच करत नाहीये. बघ तर जरा त्यांच्याकडे."

तिने डोळे पुसले आणि बघितलं. ही धुणंवाली तिने आजवर सात वेळा काढली होती. वाकून वाकून हिची पाठ दुखत असेल, हे मात्र आज पहिल्यांदाच मनात आलं. तिने पुस्तकं मिटली आणि ब्रश उचलला.

ग्रंथपालबाई आल्या तेव्हा धुणंवालीच्या पाठीवर ठेवलेल्या त्या हाताचा रंग ओला होता. त्या धुणंवालीजवळ वाकल्या.

"हिला मी पुस्तकात पाहिलंय," त्या म्हणाल्या. "पण तिथे ती एकटीच असते ना?"

"हो. चारशे वर्षं."

ग्रंथपालबाईंनी पर्समधून टेप काढली आणि चित्राची रुंदी मोजायला घेतली.