अळंब्यांच्या परडीतल्या गोळ्या

मित्रांनो, मला पाहून तुम्ही सूप म्हणाल, पण पाखडणे मला जमत नाही. मी बांबूची गोल, पसरट परडी आहे. जुनी आहे. काठ एका ठिकाणी तुटला होता, तिथे तार बांधलेली आहे. अंगाला शिताके अळंबीचा वास आहे आणि तो आता धुऊनही जात नाही.

क्यूशू बेटावरच्या डोंगरात तोकुजी आजोबांच्या वडिलांनी मला विणले. घरामागचा बांबू तोडून त्यांनी कामट्या काढल्या, त्या घासून गुळगुळीत केल्या. माझा काठ त्यांनी दुहेरी ठेवला. दोन काठांमध्ये बोट जाईल एवढी फट राहिली. त्या फटीचे पुढे भलतेच काम निघाले.

घराच्या वरच्या अंगाला झाडांच्या सावलीत ओकचे ओंडके तिरपे टेकवलेले असतात. त्यांवर अळंब्या उगवतात. वीज कडाडली की अळंब्या जाग्या होतात, असे इथले लोक मानतात. वीज आपल्या सोयीने येत नाही, म्हणून हंगामाआधी आजोबा लाकडी हातोडा घेऊन ओंडक्यांच्या टोकांवर ठोके घालत हिंडतात. ती ठकठक खाली अंगणात ऐकू येते. मित्सुए आजीचा स्वयंपाक त्या आवाजावर चालतो. ठकठक थांबली की आजोबा खाली यायला निघाले असे समजायचे आणि मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचे, सार गरम करायला ठेवायचे.

खुडलेल्या अळंब्या माझ्यावर येत. आजी त्या उलट्या मांडत असे, टोपी खाली आणि देठ वर, म्हणजे टोपीच्या आतल्या पातळ पाकळ्यांना ऊन मिळते. उन्हाने अळंबीत ड जीवनसत्त्व वाढते आणि ते हाडांना लागते. वाळलेली अळंबी भिजवली की पाणी तपकिरी होते. त्या पाण्याचे सार इतके चवदार लागते की खारट मिसो कमी घातले तरी कोणी कुरकुर करत नाही. गावच्या जत्रेत पाहुणे अळंबी हातात घेऊन वास घेत आणि माझ्याकडेही कौतुकाने पाहत.

पुढे वाळवणीचे यंत्र आले. पावसाळी हवेतही ते काम उरकत असे. मी छपरीतल्या खुंटीवर गेले आणि माझ्या कामट्यांमध्ये कोळ्यांनी घर केले. यंत्रावर माझा राग नाही. फक्त उन्हाची आठवण येई.

गेल्या वर्षी आजोबा ओंडक्यांमध्ये काम करताना चक्कर येऊन पडले. डॉक्टर कुरातांनी रक्तदाब वाढल्याचे सांगितले, रक्तातली चरबीही. दोन गोळ्या दिल्या, रोज सकाळी घ्यायच्या. आजी त्या स्वतः हातावर ठेवत असे.

शरद ऋतूच्या जत्रेत पाहुण्यांना अळंबीचे गुण सांगायचे काम गावाने आजोबांना दिले. त्यांचे शेजारी गेन्पेई छपरीत बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "म्हणजे तू लोकांना सांगणार, शिताके खा नि औषध विसरा. आणि घरी येऊन गुपचूप गोळी गिळणार. दाखवू का सगळ्यांना तुझं गोळ्यांचं पाकीट?"

गेन्पेई हसले आणि विसरले. आजोबा विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते गोळ्या मुठीत घेऊन छपरीत येऊ लागले. इकडेतिकडे पाहून गोळ्या माझ्या काठाच्या फटीत सारत आणि अळंबी भिजवलेले पाणी घटाघटा पीत. पाणी चांगलेच होते. पण गोळ्या माझ्या पोटात साठत होत्या आणि मला बोलता येत नव्हते.

वरची ठकठक बदलली. चार ठोके, मग खंड, मग दोनच. आजी पळी हातात धरून दारात उभी राही. पुन्हा ठोका पडेपर्यंत ती आत जात नसे. विचारले की आजोबा म्हणत, ओंडके जुने झालेत.

मग एका सकाळी आजीने रेडिओवर ऐकले की यंत्रात वाळवलेली अळंबीसुद्धा रांधण्याआधी थोडा वेळ उन्हात उलटी ठेवली तर ड जीवनसत्त्व वाढते. तिने मला खुंटीवरून काढले, अंगणात आणले आणि धूळ झटकायला पालथे करून थापटले. गोळ्या टपटप खाली पडल्या.

आजोबा तेवढ्यात हातोडा घेऊन उतरत होते. आजी ओरडली नाही. एक गोळी चिमटीत धरून म्हणाली, "अहो, यंदा नवंच पीक आलंय. टोपी नाही, देठ नाही. उलटं मांडू की सुलटं?"

आजोबा पायरीवर बसले. हातोडा बाजूला ठेवून म्हणाले, "अळंबीवाल्यानंच गोळ्या खाल्ल्या, तर अळंबीवर कोण विश्वास ठेवेल?"

"अळंबीची अब्रू तुम्ही सांभाळता," आजी म्हणाली, "आणि ठोका चुकला की माझे हातपाय गार पडतात, ते कोणी सांभाळायचं?"

त्याच दुपारी दोघे दवाखान्यात गेले. परतल्यावर आजीने सगळी हकीकत गेन्पेईंना अंगणात सांगितली. रक्तदाब बराच वर गेला होता. शिताकेतल्या एका द्रव्याने उंदरांच्या रक्तातली चरबी कमी झाल्याचे दिसले आहे, पण माणसांबद्दल तेवढी खात्री नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. त्यावर आजोबांनी विचारले होते, मग आमची अळंबी फुकटच का? डॉक्टरांचे उत्तर आजीने त्यांच्याच आवाजात ऐकवले: "आजोबा, अळंबी जेवणात ठेवा, गोळी औषधात. दोघींचं भांडण तुम्हीच लावलंत."

गेन्पेई त्या दिवशी हसले नाहीत.

जत्रेत मला टेबलावर मांडले होते, म्हणून पुढचे मी स्वतः ऐकले. आजोबांनी उन्हाचे सांगितले, चवीचे आणि कमी मिठाचे सांगितले. अळंबी नीट शिजवूनच खा, कच्ची खाल्ली तर काहींच्या अंगावर खाजरे लाल वळ उठतात, हेही सांगितले. शेवटी म्हणाले, "मी रोज ही खातो आणि रोज दोन गोळ्याही घेतो." लोकांनी मान डोलावली आणि नेहमीसारख्याच अळंब्या घेतल्या. गर्दी ओसरल्यावर गेन्पेई जवळ आले आणि हळूच विचारू लागले, गोळी जेवणाआधी घेतोस की नंतर? त्यांच्या खिशातले गोळ्यांचे पाकीट अजून उघडलेलेही नव्हते.

आता माझी जागा अंगणात आहे. तार नवी बांधली आहे. सकाळी आजी दोन गोळ्या माझ्यावर ठेवते, आजोबांनी गिळल्या की मगच अळंब्या मांडते.

मित्रांनो, खुंटीवरच्या जुन्या वस्तू अधूनमधून उन्हात काढत जा. आणि आमच्यावर मावेल तेवढेच ठेवा. अळंब्या मी काठोकाठ घेईन, पण माणसाचा अख्खा जीव माझ्या कामट्यांना पेलत नाही.

वरची ठकठक आत्ताच थांबली. आजीने सार गरम करायला ठेवले आहे.