गबदुल

बाबांनी उभ्या आयुष्यात काढलेल्या फॉन्टांपैकी एकच चालला, पण तो असा चालला की विचारू नका. जाडजूड, गुबगुबीत, सगळी टोकं गोल. नावही त्यांनीच ठेवलं, गबदुल. बिस्किटांचे पुडे, बालवाड्यांच्या पाट्या, लहान मुलांच्या खोकल्याच्या बाटल्या, जिकडे बघावं तिकडे गबदुल. आता मुलीने तोच घरभर चिकटवला होता, कारण बाबांना बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि आठवत तर काहीच नव्हतं. 'संडास'. 'गॅसला हात लावू नका'. आणि बाहेरच्या दारावर हातभर मोठं, 'बाहेर जाऊ नका'.

उपयोग शून्य. बाबा दारासमोर उभे राहत, मान तिरकी करून अक्षरं न्याहाळत, "ठीक आहे" म्हणत आणि दार उघडून चालू लागत. चाळीस वर्षं त्यांनी नुसते आकार पाहिले होते, मजकूर वाचायची सवय होती कुणाला? कडी लावली तर दारावर धडका देत. दोनदा अनोळखी माणसांनी त्यांना घरी आणून सोडलं होतं. भावाने फोनवर बजावलं होतं, "आणखी एकदा निसटले की संस्थेत ठेवू. तू तरी किती पुरणार?"

ती पुरत नव्हतीच. आंघोळीला गेली तरी कान दाराकडे.

एकदा पेंगत पेंगत नवी पाटी छापताना अक्षरांमधलं अंतर बिघडलं. काही एकमेकांवर चढली, काही लांब पळाली. "मरू दे," म्हणत तिने तीच लावली. आंघोळ करून येते तर बाबा चपला घालून दारातच, हातात पेन्सिल.

"कोणी लावलंय हे? पोटाला पोट घासतंय! जाड अक्षराला श्वास घ्यायला जागा नको?"

पाऊण तास त्यांनी रेघा मारल्या, बाण काढले. मग थकून खुर्चीत बसले आणि बाहेर जायचं विसरूनच गेले.

तेव्हापासून ती रोज सकाळी एक पाटी मुद्दाम बिघडवते. जिवावर येतं, पण करते.

आज बाबांनी तपासलेली पाटी तिच्या हातात दिली. हल्ली ते तिला छापखान्यातली बाई समजतात.

"अंतर तेवढं सांभाळा, बाई. अक्षर मात्र झकास. कोणाचं हो?"

"आहेत एक."

"मोठा मजेत असणार हा माणूस."

तिला ते वर्ष आठवलं. आई अंथरुणाला खिळलेली, आणि बाबा तिच्या उशाशी मांडीवर फळी घेऊन गबदुल काढत बसलेले. आई चाललीय आणि यांना गोल गोल अक्षरं सुचतात, म्हणून तिला त्यांचा भयंकर राग यायचा. वर्षभरात ते एकदाही हसले नव्हते.

"नाही हो," ती म्हणाली. "फार दमलेला होता तो."

बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. पेन्सिल कानावर अडकवली आणि स्वतःची खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

"तुम्ही बसा जरा," ते म्हणाले. "दाराकडे मी बघतो."